चॉकलेटचे वितळणे

चॉकलेट वितळते तेव्हा प्रत्यक्षात त्यातले स्निग्ध द्रव्य तेवढे वितळते. साखरेचे बारीक कण, कोकोची पूड, दुधाची भुकटी हे सारे घनच राहून पातळ झालेल्या कोको बटरमध्ये, म्हणजे कोकोच्याच स्निग्धात, तरंगत असतात. म्हणून एखादे चॉकलेट किती अंशांना वितळेल आणि वितळून किती पातळ होईल, हे त्यात कोणते स्निग्ध द्रव्य आहे, किती आहे आणि ते कोणत्या स्फटिकरूपात गोठले आहे, यावर ठरते. वेष्टनावरची कोकोची टक्केवारी पाहून याचा अंदाज बांधू नये. त्या आकड्यात कोको बटर आणि कोकोचा कोरडा भाग एकत्र धरलेला असतो, त्यामुळे 70 टक्क्यांची दोन चॉकलेटे वितळल्यावर एक सहज ओतता येण्याजोगे, तर दुसरे दाट निघू शकते.

कोको बटरमध्ये मुख्यतः पामिटिक, स्टिअरिक आणि ओलेइक या तीनच स्निग्धाम्लांपासून बनलेली ट्रायग्लिसराइडे (स्निग्धाचे रेणू) असतात. घटक मोजके असल्याने ते इतर अनेक स्निग्धांप्रमाणे रेंगाळत मऊ होत नाही. 20 अंश सेल्सिअसला कडक असलेले चॉकलेट 35 अंशांच्या आसपास जवळजवळ पूर्ण द्रव होते. शरीराचे तापमान याच्या किंचित वर असल्यामुळे ते तोंडात विरघळते, आणि वितळताना उष्णता शोषून घेत असल्याने जिभेला हलका गारवा जाणवतो.

विली आणि लटन या संशोधकांनी 1966 मध्ये कोको बटरची सहा स्फटिकरूपे वर्णिली. पहिले सुमारे 17 अंशांना वितळते, सहावे 36 अंशांना. हवे असते ते पाचवे, सुमारे 34 अंशांचे. चकाकी आणि तुकडा मोडतानाचा ‘कट्’ आवाज त्याच्यामुळे येतो. पूर्ण वितळवलेले चॉकलेट नुसते निवू दिले तर खालची रूपे तयार होऊन ते निस्तेज आणि मऊ होते, काही काळाने पांढुरकेही पडते. ते खायला चालते, फक्त बेंगरूळ दिसते. हे टाळण्यासाठी टेम्परिंग करतात. डार्क चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत तापवून 27-28 पर्यंत उतरवतात आणि पुन्हा 31-32 वर आणतात.

मिल्क चॉकलेटमधली दुधाची चरबी कोको बटरच्या स्फटिकांत ढवळाढवळ करते, म्हणून ते लवकर मऊ पडते. त्याचे कामाचे, म्हणजे टेम्परिंगच्या शेवटी ठेवायचे, तापमान 29-30 अंश, तर व्हाइट चॉकलेटचे 28-29. व्हाइटमध्ये कोकोचा कोरडा भाग नसतोच, उरतात कोको बटर, साखर आणि दूध. दुधातली प्रथिने व दुग्धशर्करा जास्त उष्णतेने बिघडून मिश्रण रवाळ आणि घट्ट होते. तिघांत सर्वांत नाजूक व्हाइटच.

कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जागी बहुधा पामच्या गराचे तेल, अनेकदा हायड्रोजनीकृत (हायड्रोजन जोडून घट्ट केलेले), असते. त्याला टेम्परिंग लागत नाही, ही मोठी सोय. पण त्याचा काही भाग तोंडातही घट्ट राहिला तर मेणचट लागते. ते खऱ्या चॉकलेटमध्ये मिसळून काटकसर करणे फसवे ठरते, कारण दोन्ही स्निग्धे एकमेकांचे स्फटिक बिघडवतात. कुवर्चरचे, म्हणजे वस्तूंवर थर देण्यासाठीच्या खास चॉकलेटचे, उलटे आहे. युरोपीय नियमांनुसार त्यात किमान 31 टक्के कोको बटर लागते, म्हणून ते पातळ होऊन वस्तूवर तलम थर देते. बेकिंगच्या चिप्समध्ये स्निग्ध कमी ठेवतात, त्यामुळे भट्टीतही त्यांचा आकार टिकतो.

आकारावरून फसगत होते ती मायक्रोवेव्हमध्ये. चौकोनी तुकडा आतून वितळला तरी कणांच्या आधाराने तसाच उभा दिसतो आणि चमचा फिरवताच बसतो. न ढवळता वेळ वाढवत गेले की मध्यभाग करपतो. पाण्याची गंमत आणखी विचित्र. भांड्यावरून ओघळलेले थोडेसे पाणी पडले तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळा गोळा होतो. मात्र गरम पाणी किंवा साय भरपूर घातली की साखर विरघळते आणि मिश्रण पुन्हा सैल होते. सॉस किंवा गनाशसाठी (चॉकलेट आणि सायीच्या मऊ मिश्रणासाठी) ते चालते, साच्यात ओतायला नाही.

मुद्दाम न वितळणारे चॉकलेटही बनले आहे. 1937 मध्ये अमेरिकी सैन्याच्या मागणीवरून हर्शी कंपनीने ओटचे पीठ घातलेली ‘डी रेशन’ ही सैनिकांच्या आणीबाणीच्या शिध्याची वडी तयार केली. ती उन्हाळ्यातही टिके, पण इतकी कठीण होती की अर्ध्या तासात सावकाश खावी किंवा चुरून उकळत्या पाण्यात विरघळवावी, अशी सूचना वेष्टनावर छापावी लागली.