रात्री अडीचचा हिशेब

भाताच्या आवणीचे दिवस. पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस रात्री अडीचला पोट दुखतंय म्हणून उठतो. जखम नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. घरातले ओवा चावायला देतात, बेंबीला हिंग लावतात. ‘सकाळी बघू.’ सकाळी त्याच्या पापण्या उघडत नाहीत, जीभ जड झालेली असते.

मण्यार चावली की बरेचदा असंच होतं. तिचे दात इतके बारीक की खूण शोधावी लागते. विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप तोडतं, शेवटी श्वासाचे स्नायूही थंडावतात. प्रतिविष लवकर टोचलं तर फायदा. एकदा हा निरोप तुटला की व्हेंटिलेटरवर वाट पाहणं एवढंच हातात राहतं.

अशी बातमी वाचली की पुण्यात बसून आपण म्हणतो, ‘लोकांमध्ये जागृतीच नाही.’ मला हे पटत नाही. त्या घरात रात्री अडीचला एक हिशेब झालेला असतो. जीप कुणाची, भाडं किती, घाटात पाऊस आहे का, सकाळी आवणीला माणसं येणार त्यांचं काय, आणि एवढं करून दवाखान्यात डॉक्टर भेटतील का?

सेरिन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी 1994 साली बाळंतपणातल्या मृत्यूंबद्दल लिहिताना तीन उशीर सांगितले. जायचं ठरवायला लागलेला, पोहोचायला लागलेला आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला लागलेला. साप चावलेल्यालाही हे जसंच्या तसं लागू पडतं. यातली खरी गोम अशी की तिसरा उशीर पहिल्याला जन्म देतो. शेजारच्या सुनेला प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून पुण्याच्या ससून रुग्णालयात पाठवलं, ही गोष्ट वाडीत वर्षानुवर्षं सांगितली जाते. पुढच्या वेळी कुणी उठायला कचरतं ते त्या आठवणीमुळे.

मग देवऋषीकडे जाणं सोपं. तो जवळ असतो, ओळखीचा असतो, आणि त्याच्याकडची बरीच माणसं खरोखर बरी होतात! आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. विषारी सापही चावताना दर वेळी विष सोडतोच असं नाही. अंगारा लावलेले दहापैकी बरेच जण तसेही वाचणारच होते. वाडीला मात्र दिसतो तो अंगारा. या अनुभवापुढे दवाखान्याच्या भिंतीवरचं पोस्टर काय टिकणार?

पोस्टरऐवजी बैठक घेतली तर काय होतं, हे नेपाळमधल्या मकवानपूर जिल्ह्यात तपासून पाहिलं गेलं. गावातलीच एक बाई, नर्स नव्हे, महिन्यातून एकदा बायकांना जमवायची. चित्रं मांडून विचारायची, आपल्याकडे बाळंतपणात काय काय बिघडतं? उत्तरं बायकांनीच शोधली. कुठे वर्गणीचा निधी उभा राहिला, कुठे डोंगर उतरायला स्ट्रेचर आलं. 2004 मध्ये निकाल छापून आले. नवजात बालकांचे मृत्यू, अशा बैठका नसलेल्या गावांच्या तुलनेत 30 टक्क्यांनी कमी होते. सगळ्या विवाहित बायकांपैकी जेमतेम 8 टक्के बैठकांना आल्या होत्या, पण नव्याने गरोदर राहिलेल्यांपैकी 37 टक्के.

झारखंड-ओडिशातही असाच प्रयोग झाला आणि तिथेही मृत्यू जवळपास तेवढेच घटले. गंमत म्हणजे तिथे दवाखान्यात जाण्याचं प्रमाण फारसं वाढलं नव्हतं. बदललं होतं ते घरातलं बाळंतपण, हातांची आणि नाळेची स्वच्छता. बैठकीतून काय निघेल ते आधी सांगता येत नाही, आणि सरकारी खात्यांना नेमकं हेच पचत नाही.

बांगलादेशात मात्र पहिल्या खेपेला फरक पडला नाही. तिथे साधारण 1400 लोकांमागे एक गट होता, गरोदर बायका फारशा पोहोचल्याच नाहीत. मग 300-एक लोकांमागे एक गट केला, तेव्हा नवजात मृत्यू 38 टक्क्यांनी कमी भरले. औषधासारखी बैठकांचीही मात्रा पुरेशी पडावी लागते.

आता हा तीनशेचा आकडा आपल्या आशाताईंपुढे, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्तीपुढे, ठेवून बघा. 2005 पासूनचा नियम आहे हजार लोकांमागे एक आशा. शिरूरसारख्या सपाट तालुक्यात हे जमून जातं. तिथल्या वढूमध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी आशा योजना येण्याच्या कितीतरी आधी गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं होतं. डोंगरातल्या वाड्यांमध्ये आदिवासी भागासाठीची, कमी लोकांमागेही एक आशा नेमायची, सवलत धरली तरी एका आशाताईच्या वाट्याला ओढ्यापलीकडची दोन-तीन ठिकाणं येतात, वर रजिस्टरं भरायची असतात ती वेगळीच.

तिथे बैठक घ्यायची तर आवणीत दुपारी कुणी येणार नाही. रात्री जेवणं उरकल्यावर, देवळात. देवऋषीलाही बोलवायचं, कारण तो न बोलावताही येणारच. विषय एकच ठेवायचा: रात्री अडीचला कुणाचं पोट दुखलं, पापणी जड झाली, तर पहिला फोन कुणाला? 108 लावायचाच, पण ती गाडी येईपर्यंत वाडीतली कुठली जीप डांबरी रस्त्यापर्यंत उतरेल, डिझेलचे पैसे कोण घालेल, सोबत कोण जाईल, मागे गुरांकडे कोण बघेल? ती नावं तिथेच, देवळाच्या भिंतीवर, खडूने.