अंधबिंदू

अंधबिंदू म्हणजे डोळ्याच्या दृष्टिपटलावरील (डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्यावरील) अशी जागा, जिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. दृष्टिपटलाचे सुमारे 10 ते 12 लाख चेतातंतू याच जागी एकत्र येतात आणि जुडी होऊन मेंदूकडे निघतात; ही जुडी म्हणजेच नेत्रचेता. पाठीच्या कण्याच्या सर्व प्राण्यांत हे तंतू दृष्टिपटलाच्या आतल्या अंगाने धावतात, त्यामुळे बाहेर पडायला त्यांना पटलातून भोक पाडावेच लागते. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागच्या अंगाने निघतात, म्हणून त्याला अंधबिंदू नाही. वाहनचालक आरशात न दिसणाऱ्या भागालाही हेच नाव देतात, पण त्याचा या बिंदूशी संबंध नाही.

‘बिंदू’ हे नावही फसवेच आहे. नजर जिथे रोखलेली असते तिथून कानाच्या बाजूला सुमारे 15 अंशांवर, आडव्या रेषेच्या किंचित खाली, हा भाग येतो. त्याची रुंदी सुमारे 5.5 अंश, उंची 7.5 अंशांच्या आसपास. पौर्णिमेचा चंद्र आकाशात अर्धा अंश व्यापतो, म्हणजे अकरा चंद्र ओळीने ठेवले तरी ते या रुंदीत मावतील. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचे अख्खे डोके त्यात गडप होऊ शकते.

पडताळा घ्यायला कागद आणि पेन पुरते. डावीकडे एक फुली काढावी, तिच्या उजवीकडे बरोबर 8 सेंमीवर 1 सेंमी व्यासाचा भरीव ठिपका. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे पाहावे आणि कागद अर्ध्या मीटरवरून हळूहळू जवळ आणावा. साधारण 35 ते 25 सेंमीच्या टप्प्यात ठिपका नाहीसा होतो; कागद आणखी जवळ आणला की पुन्हा दिसू लागतो. प्रयोग फसतो तो बहुधा नजरेमुळे. ठिपका गेला का हे बघायला डोळा आपसूक तिकडे वळतो, आणि वळला की ठिपका हजर. डोके खांद्याकडे कलले तर ठिपका वर-खाली सरकून बाहेर पडतो. 3 सेंमीचा ठिपका काढला तर या अंतरावर तो पुरता लपतच नाही, कडा उरते.

ठिपक्याच्या जागी काळे भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो. मग ही उणीव एरवी जाणवत का नाही? एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, हे नेहमीचे उत्तर खरे आहे पण अपुरे; कारण एक डोळा झाकला तरी जगात खळगा पडलेला दिसत नाही. मेंदू आजूबाजूचा रंग आणि पोत त्या जागेवर पसरवतो. ठिपक्याच्या वर-खाली एकच उभी रेघ आणून भिडवली, तर ठिपका जाऊन रेघ सलग दिसते. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी पिवळे कडे वापरून हे दाखवले: कड्याचे मधले भोक अंधबिंदूत आणि कडा बाहेर राहील असे ते ठेवले, की भरीव पिवळी तबकडी दिसते.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एड्म मॅरियट यांनी 1660 च्या दशकात हा बिंदू शोधला. नेत्रचेता बाहुलीच्या समोर नसून नाकाकडे सरकलेली असते, हे त्यांना विच्छेदनात दिसले होते. त्या जागी नजर कशी असेल हे तपासायला त्यांनी प्रयोग केला. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष मात्र चुकला. त्या जागी दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर नसतो, यावरून दृष्टी त्या थरातच असते असे त्यांनी मानले.

मेंदूच्या या भरणीची किंमत काचबिंदूच्या रुग्णाला मोजावी लागते. त्याच्या नजरेत कडेने नवे आंधळे पट्टे तयार होतात, पण तेही भरले जात असल्याने पुष्कळ नुकसान होईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. म्हणून दृष्टिक्षेत्राची चाचणी करतात. तिच्यात अंधबिंदूच पहारेकरी म्हणून कामाला येतो: यंत्र मधूनमधून नेमका त्याच जागी प्रकाश टाकते. रुग्णाने तेव्हा बटण दाबले, तर नजर मधल्या खुणेवरून ढळली आहे असे समजतात, आणि असे वारंवार झाल्यास चाचणी पुन्हा घ्यावी लागते.