मोठ्यांचं पुस्तक आटवलं की मुलांचं होतं?

‘मुलांसाठी माहितीचं पुस्तक लिहिणं सोपं, मोठ्यांच्या पुस्तकातला मजकूर घ्या, अवघड शब्द काढा, झालं,’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

अवघड शब्द काढताना बऱ्याचदा अर्थच निसटतो. ‘झाड मातीतून अन्न घेतं’ हे वाक्य सोपं आहे, पण खोटं आहे. मुळं पाणी आणि क्षार ओढतात. साखर पानात तयार होते, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी वापरून, उजेडाच्या जोरावर. आठ वर्षांच्या मुलाला हे कळतं. ‘कार्बन डायऑक्साइड’ शब्द ठेवा, वाक्य लहान करा, एका वाक्यात एकच नवी गोष्ट सांगा.

जागेचं गणितही कडक असतं. छपाई सोळा पानी फर्म्यांत (एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या संचांत) होते, म्हणून सचित्र पुस्तक बहुधा 32 पानांचं. शीर्षक, श्रेयनामावली वगैरेंची चार पानं वजा केली की 14 जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. प्रत्येकावर 50 शब्द धरले तर सगळा विषय 700 शब्दांत बसवायचा! काय गाळायचं हे ठरवायला विषय पक्का माहीत लागतो.

आणि चित्रं. कोळ्याचे आठही पाय शरीराच्या पुढच्या भागाला जोडलेले असतात. चित्रात ते हमखास पोटाला चिकटतात. म्हणून चित्रकाराला मजकुरासोबत संदर्भछायाचित्रं द्या, आणि तज्ज्ञाकडून कच्ची रेखाटनंच तपासून घ्या. रंग भरल्यावर चूक सापडली, तर अख्खं चित्र पुन्हा काढावं लागू शकतं.