बाळंतपणानंतर लघवी गळते: स्नायू सैल झालेत की फिस्टुला आहे?

‘बाळंतपणानंतर थोडं होतंच असं.’ या वाक्याखाली दोन वेगळे त्रास झाकले जातात. कपडे दोन्हींत ओले होतात आणि लाजेपोटी बाई दोन्हींबद्दल गप्प बसते. पण एक त्रास बहुधा व्यायामाने आटोक्यात येतो. दुसऱ्यात मूत्राशय आणि योनी यांच्यामधल्या पडद्याला भोक, म्हणजे फिस्टुला, पडलेलं असतं, आणि ते व्यायामाने बुजत नाही.

पहिला त्रास खूप जणींना होतो. प्रसूतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण तिघींपैकी एकीची लघवी थोडीफार गळते. ओटीपोटाला खालून तोलून धरणारे स्नायू गरोदरपणात आणि प्रसूतीत ताणले जातात. मग खोकला आला, शिंक आली, जड काही उचललं की थोडी लघवी निसटते. जोर ओसरला की गळणं थांबतं आणि झोपेत अंथरूण बहुधा कोरडं राहतं. उत्तम रुग्णालयात, सगळं सुरळीत पार पडलेल्या बाईलाही हे होऊ शकतं. लघवी रोखताना जे स्नायू आपण आत ओढतो, ते आवळण्या-सोडण्याचा व्यायाम जाणकाराकडून शिकून निदान तीन महिने रोज करणं हा पहिला उपचार. लघवी चालू असताना मध्येच थांबवून मात्र तो करू नये.

फिस्टुलाची गोष्ट अडलेल्या प्रसूतीपासून सुरू होते. कळा येत राहतात, पण बाळाचं डोकं पुढे सरकत नाही. ते डोकं आणि आईच्या ओटीपोटाचं पुढचं हाड यांच्यामध्ये मूत्राशय चिरडलं जातं. तासन्‌तास, कधी दिवस-दोन दिवस. तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. मेलेला भाग गळून पडायला काही दिवस लागतात, म्हणून लघवीची धार बहुधा प्रसूतीनंतर तिसऱ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होते. तोवर बाई अनेकदा घरी पोचलेली असते. बाळ बहुतेक वेळा दगावलेलं असतं. नसांवर दाब आल्यामुळे काहींचं पाऊल लटकं पडतं. भोक मागच्या बाजूला, गुदाशयाकडे पडलं तर शौचही योनीवाटे येतं.

हे गळणं खोकल्याची वाट पाहत नाही. बसलेली असो वा झोपलेली, दिवस असो वा रात्र, ते चालूच राहतं. वास येऊ नये म्हणून अनेक जणी पाणी कमी पितात. त्याने लघवी दाट होते, कातडी आणखी सोलवटते आणि खडे होण्याचा धोका वाढतो. पाणी भरपूर प्यायला हवं, हे त्यांना कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

लक्षणांवरून ओळख पटते, पण नेहमी नाही. भोक बारीक असेल तर बाईला नेहमीसारखी लघवीही होते, आणि ‘होते ना लघवी, मग ठीक आहे’ म्हणून तिला परत पाठवलं जातं. प्रसूतीनंतर लघवी तुंबून भरलेलं मूत्राशय ओसंडत असेल तरीही थेंब-थेंब गळतं. तो तिसराच प्रकार, आणि त्यात कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून मूत्राशय रिकामं करावं लागतं. शंका असेल तर एक साधी तपासणी बहुधा पुरते: योनीत कापडाचे बोळे ठेवून मूत्राशयात निळा रंग भरतात. आतला बोळा निळा झाला तर फिस्टुला आहे. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. म्हणूनच ही तपासणी न करता बाईला व्यायाम सांगून घरी पाठवणं मला अक्षम्य वाटतं. त्यात मोलाचे दिवस जातात: लवकर कळलं तर बारीक भोक नुसतं कॅथेटर काही आठवडे ठेवूनही भरून येऊ शकतं.

स्नायूंचा सैलपणा चांगली सेवा असूनही होतो. अडलेल्या प्रसूतीतला फिस्टुला मात्र सेवा उशिरा पोचल्याची खूण असतो. जिथे सिझेरियन वेळेवर होतं तिथून तो जवळजवळ नाहीसा झाला आहे. जिथे होत नाही तिथे, १९७४ साली कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅमलिन या डॉक्टर दांपत्याने इथिओपियातल्या अदिस अबाबात उभारलेल्या रुग्णालयासारखी, फक्त फिस्टुलासाठीची रुग्णालयं लागतात. नुसतं रुग्णालयात पोचणंही पुरत नाही. कळांची प्रगती आलेखावर नोंदणारी आणि प्रसूतीदरम्यान मूत्राशय रिकामं आहे ना हे पाहणारी नर्स तिथे लागते. सिझेरियन अपुऱ्या प्रशिक्षणाच्या हातून झालं तर त्यातूनही मूत्राशयाला किंवा त्यात लघवी आणणाऱ्या नळीला इजा होऊन फिस्टुला होऊ शकतो.

शिवाय हे दोन्ही त्रास एकाच बाईला होऊ शकतात. शस्त्रक्रियेने भोक नीट बुजतं, तरी काहींना खोकताना गळत राहतं, आणि त्या ‘ऑपरेशन फसलं’ असं समजून पुन्हा घरात कोंडून घेतात. निळ्या रंगाची तपासणी पुन्हा करून भोक बंद आहे हे तिला दाखवावं आणि मग व्यायाम सुरू करावा. पुढचं बाळंतपण ठरवून केलेल्या सिझेरियननेच व्हावं, हे तिच्या कागदांवर ठळक लिहून द्यावं आणि घरच्यांनाही समजावून सांगावं.