ट्रेनस्पॉटिंग

आगगाड्या, विशेषतः त्यांची इंजिने, पाहण्याचा व त्यांचे क्रमांक, नावे आणि वेळा टिपून ठेवण्याचा छंद. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही. रेल्वेनिरीक्षण, रेल्वेछंद असे शब्द क्वचित दिसतात, पण छंद जोपासणारे स्वतःला रेल्वेप्रेमी किंवा सरळ रेलफॅन म्हणवतात. ब्रिटनमध्ये नुसते क्रमांक टिपणारा, छायाचित्रे काढणारा आणि गाडीतून प्रवास करून इंजिनांचा हिशेब ठेवणारा असे भेद करतात. जपानीतही छायाचित्रकाराला तोरितेत्सू आणि प्रवास करणाऱ्याला नोरितेत्सू म्हणतात. या नोंदीत छंदाचा उगम आणि त्याला पहिल्यापासून चिकटलेला रुळांच्या सलगीचा धोका या दोन गोष्टींचा विचार केला आहे.

उगम : छंद नेमका केव्हा सुरू झाला याविषयी एकमत नाही. गाडी पाहायला गर्दी करणे रेल्वेइतकेच जुने आहे. ऑक्टोबर १८२९ मध्ये इंग्लंडातील रेनहिल येथे इंजिनांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा हजारो लोक जमले होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हाही मार्गाच्या कडेला माणसांची दाटी होती. परंतु तमाशा पाहणे वेगळे आणि पाहिलेल्याची पद्धतशीर नोंद ठेवणे वेगळे. हा फरक मान्य केला, तर सर्वांत जुना दावा फॅनी जॉन्सन या मुलीच्या नावे जातो. लंडनच्या वेस्टबोर्न पार्क भागात लोहमार्गालगत राहणाऱ्या या चौदा वर्षांच्या मुलीने १८६१ मध्ये ‘ग्रेट वेस्टर्नची मी पाहिलेली इंजिने’ अशा अर्थाच्या मथळ्याची वही ठेवली होती. तिची माहिती ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या नियतकालिकातून १९३५ मध्ये पुढे आली. या दाव्यावर आक्षेप असा की तिने क्रमांक नव्हे, तर नावे लिहिली. आक्षेप फारसा टिकत नाही. ग्रेट वेस्टर्नच्या सात फुटी रुंद मापावरील (दोन रुळांमधले अंतर) प्रवासी इंजिनांना त्या काळी बहुतांशी नावेच असत. तिथे क्रमांक टिपायचा म्हटला तरी मिळाला नसता. आपल्याकडेही पहिल्या गाडीच्या तीन इंजिनांची साहिब, सिंध व सुलतान ही नावेच परंपरेने सांगितली जातात.

दुसरा मतप्रवाह छंदाची सुरुवात संस्थांपासून धरतो. ‘रेल्वे मॅगझिन’ १८९७ मध्ये निघाले, लंडनमध्ये रेल्वे क्लब १८९९ मध्ये स्थापन झाला आणि स्टीफन्सन लोकोमोटिव्ह सोसायटी १९०९ मध्ये उभी राहिली. पण या मंडळींचा कल रचना, वेग आणि इतिहास यांच्याकडे अधिक होता. शाळकरी मुलाच्या खिशातल्या वहीशी त्यांचे नाते दूरचे.

तिसरे आणि सर्वाधिक प्रचलित मत १९४२ हे वर्ष धरते. ब्रिटनमधील सदर्न रेल्वे या कंपनीच्या लंडनमधल्या वॉटर्लू येथील कचेरीत इयन ॲलन (१९२२–२०१५) हा तरुण कारकून इंजिनांविषयी लोकांकडून येणाऱ्या पत्रांना उत्तरे देत असे. त्याच त्या चौकशांना कंटाळून त्याने कंपनीच्या इंजिनांचे क्रमांक, नावे व वर्ग यांची छोटी पुस्तिका काढली. पहिली आवृत्ती सुमारे दोन हजार प्रतींची होती, असे सांगतात. ती हातोहात खपली आणि पुढे इतर कंपन्यांच्या याद्याही निघाल्या. पुस्तिकेने छंद जन्माला घातला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तिने त्याला शेवट दिला, हे म्हणणे अधिक योग्य. पूर्वी यादी अंतहीन होती, आता छापील क्रमांकाखाली रेघ मारता येऊ लागली आणि किती उरले ते कळू लागले. युद्धानंतरच्या दशकात ब्रिटनमधल्या फलाटांच्या टोकांशी मुलांचे घोळके दिसू लागले त्याचे मर्म या रेघेत आहे.

टॅमवर्थ आणि सभासदाची शपथ : इंग्लंडच्या मध्यभागातील टॅमवर्थ येथे दोन मुख्य मार्ग एकमेकांना वरखाली छेदतात. एका जागी उभे राहून दोन्हींवरच्या गाड्या दिसत असल्याने मुलांची तिथे झुंबड उडे. १९४४ च्या सुमारास रुळांवर शिरलेल्या काही मुलांवर तिथे कारवाई झाली. त्यानंतर ॲलनने मुलांसाठी लोकोस्पॉटर्स क्लब काढला. रेल्वेच्या कामात अडथळा आणणार नाही, कर्मचाऱ्यांना उपद्रव देणार नाही आणि मुख्य म्हणजे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणार नाही, अशी हमी सभासदाला द्यावी लागे. म्हणजे संघटित स्वरूपात हा छंद उभा राहिला तोच धोक्याच्या कबुलीवर. छंदाच्या इतिहासांत ही बाब एखाद्या वाक्यात उरकली जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ती मध्यवर्ती आहे. शपथेने प्रश्न सुटला नाही. पुढेही काही स्थानकांवर मुलांना बंदी घालण्याची वेळ आली. रुळावर नाणे ठेवून चपटे करून घेण्याचा मोह तर सार्वत्रिक आहे. दहा पैशाचे ॲल्युमिनियमचे नाणे त्यासाठी बळी दिलेली पिढी महाराष्ट्रातही आहे.

पहिला गाजलेला अपघात : १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल–मँचेस्टर मार्गाच्या उद्घाटनप्रसंगी पार्कसाइड येथे इंजिनात पाणी भरण्यासाठी गाडी थांबली. खाली उतरू नये, अशी सूचना असूनही पन्नासेक पाहुणे उतरून रुळांवर रेंगाळले. त्यांत खासदार विल्यम हस्किसन होते. ते पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या डब्यापाशी जाऊन त्यांच्याशी बोलत असताना शेजारच्या मार्गावरून ‘रॉकेट’ इंजिन आले. बाकीचे बाजूला झाले किंवा डब्यांत चढले. हस्किसन गोंधळून इकडेतिकडे झाले आणि शेवटी डब्याच्या दाराला लटकले. दार बिजागरीवर बाहेर उघडले आणि त्यांना घेऊनच येणाऱ्या इंजिनाच्या वाटेत गेले. त्याच रात्री एकल्स येथे त्यांचा मृत्यू झाला. दोन मार्गांमधले अंतर तेव्हा जवळपास रुळांच्या अंतराइतकेच ठेवलेले होते, त्यामुळे मध्ये उभे राहायला सुरक्षित जागाच नव्हती. हा रेल्वेखालचा पहिला मृत्यू असे अनेक जुने ग्रंथ सांगतात. ते ग्राह्य धरता येत नाही. त्यापूर्वीचे काही मृत्यू नोंदलेले आहेत. १८२७ मध्ये डरहॅम परगण्यात स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गावर एक स्त्री दगावल्याचा उल्लेख त्यांत नेहमी येतो. पहिला ‘गाजलेला’ मृत्यू एवढेच हस्किसन यांच्याबाबत म्हणता येईल.

धोक्याचे स्वरूप : रुळापासून किती दूर म्हणजे सुरक्षित, याचा अंदाज रुळाकडे पाहून बांधला जातो आणि चूक तिथेच होते. भारतातील रुंद मार्गावर दोन रुळांमधले अंतर १,६७६ मिमी. आहे, तर धावत्या गाडीची कमाल अनुज्ञेय रुंदी ३,२५० मिमी. म्हणजे गाडी प्रत्येक बाजूला रुळाच्या आतल्या कडेपासून सुमारे ७८७ मिमी., अडीच फुटांहून थोडी अधिक, बाहेर आलेली असते. हा झाला सरळ मार्गावर स्थिर उभ्या डब्याचा हिशेब. वळणावर लांब डबा रुळांप्रमाणे वाकत नाही. त्याचा मध्यभाग आतल्या बाजूला आणि टोके बाहेरच्या बाजूला सरकतात. सुमारे साडेतेवीस मीटर लांब आणि बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) केंद्रांमध्ये १४.९ मीटर अंतर असलेला एलएचबी हा जर्मन बनावटीवर आधारलेला प्रवासी डबा १७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर घेतला, तर मध्याशी सुमारे १६ सेंमी. आणि टोकाशी सुमारे २४ सेंमी. सरक येते. वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवलेला असल्याने डबा आत झुकतो, ते वेगळे. शिवाय स्प्रिंगांवरचे डोलणे, उघडी दारे, दारात लोंबकळणारे प्रवासी आणि मालगाडीवरचा सुटलेला दोर किंवा ताडपत्री यांचा हिशेब कुठल्याच सूत्रात बसत नाही. छायाचित्रकारांना वळणच अधिक आवडते, कारण तिथे अख्खी गाडी चौकटीत येते.

दुसरा घटक थांबण्याचे अंतर. ताशी ११० किमी. वेगाची गाडी एका सेकंदात तीस मीटरहून अधिक पुढे येते. हजार टनांवरच्या प्रवासी गाडीला तातडीचा ब्रेक लावला तरी ती थांबेपर्यंत साधारण एक किमी. जाते. लोकोपायलटने माणूस पाहिला तोपर्यंत त्याच्या हाती हॉर्न वाजवण्यापलीकडे बहुधा काही उरलेले नसते.

तिसरा घटक दृष्टिभ्रमाचा. मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा सावकाश येत असल्याचा भास होतो, असे प्रतिपादन मानसशास्त्रज्ञ हर्शेल लीबोविट्झ यांनी १९८५ मध्ये फाटकांवरील अपघातांसंदर्भात केले. समोरून सरळ येणारी गाडी तर बराच वेळ एक ठिपकाच दिसते आणि मग एकाएकी मोठी होते. कॅमेऱ्याच्या भिंगातून किंवा मोबाइलच्या पडद्यावर पाहताना अंतराचा अंदाज आणखी बिघडतो. आवाजावरही विसंबता येत नाही. जोडलेल्या लांब रुळांवर खटखट नाही, विजेच्या इंजिनाला डिझेलसारखी धापही नाही. गाडीचा बराचसा आवाज ती जवळ आल्यावर किंवा गेल्यावर ऐकू येतो. रुळाला कान लावून गाडी ओळखण्याची गोष्ट ऐकायला बरी. मार्ग दुहेरी असेल तर एका गाडीचा आवाज दुसरीला झाकतो. एक गाडी जाऊ दिली म्हणून निर्धास्तपणे पाऊल टाकणारा माणूस विरुद्ध दिशेच्या गाडीखाली येतो. गँगमनसाठी नेमलेला राखणदार नेमके हे टाळण्यासाठी असतो. रेल्वेप्रेमींच्या टोळीत असा कुणी नसतो, सगळेच कॅमेऱ्यात गुंतलेले.

वेगाने न थांबता जाणारी गाडी हवेचा झोतही बरोबर ओढते. फलाटाच्या कडेजवळची पिवळी रेषा त्यासाठीही असते. तिच्यातील उंचवट्यांच्या फरशा मात्र मुळात अंधांसाठी आहेत. जपानचे सेइइची मियाके यांनी तशा फरशा शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे त्या प्रथम बसवल्या गेल्या. विद्युतीकृत मार्गावरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेला स्पर्श व्हावा लागत नाही. अंतर पुरेसे कमी झाले की ठिणगी हवेतून उडी घेते, म्हणून जिवंत भागापासून दोन मीटर दूर राहण्याचा दंडक आहे. उभ्या वॅगनच्या छतावर सेल्फीसाठी चढणारे जायबंदी होतात ते यामुळे.

आधुनिक घटना : ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचे इंजिन दुरुस्तीनंतर २५ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनहून यॉर्कला निघाले, तेव्हा सेंट निओट्सजवळ लोक रुळांवर उतरल्याने गाडी थांबवावी लागली. फेब्रुवारी २०१० मध्ये ओसाकाजवळ कन्साई मार्गावर एका खास गाडीच्या छायाचित्रांसाठी तोरितेत्सू हद्दीत शिरले आणि वाहतूक खोळंबली. जून २०२४ मध्ये मेक्सिकोतील इदाल्गो राज्यात ‘एम्प्रेस’ हे वाफेचे इंजिन पाहायला जमलेल्या गर्दीतील एक स्त्री सेल्फी घेताना रुळाच्या अगदी लगत होती. इंजिनाचा धक्का बसून तिचा मृत्यू झाला. तिन्ही ठिकाणी गर्दी खेचली ती नेहमीच्या गाडीने नव्हे, दुर्मीळ गाडीने. रोज फलाटावर उभे राहणाऱ्यापेक्षा त्या एका दिवशी आलेला प्रेक्षक अधिक जोखमीत असतो असे यावरून वाटते.

अमृतसर येथे १९ ऑक्टोबर २०१८ रोजी रावणदहन पाहत रुळांवर उभ्या असलेल्या जमावात गाडी शिरून सुमारे साठ जण मरण पावले. ही घटना पुष्कळदा या विषयाला जोडली जाते. पण तिथे लोक गाडी पाहत नव्हते. फटाक्यांच्या आवाजात ती कुणाला ऐकूच आली नाही.

भारतातील छंद : भारतात छंदाला संघटित रूप १९८९ च्या सुमारास अमेरिकेतील काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पत्रव्यवहारातून, आयआरएफसीए (इंडियन रेल्वेज फॅन क्लब असोसिएशन) या नावाने, आले असे मानतात. इंजिनाच्या अंगावर वर्ग, क्रमांक व शेडचे, म्हणजे त्याची देखभाल होते त्या ठाण्याचे, नाव लिहिलेले असते. कल्याण, अजनी, भुसावळ ही नावे त्यामुळे फलाटावर उभ्या मुलालाही पाठ होतात. नेहमीच्या शेडचे सोडून दुसरेच इंजिन लागले की ‘ऑफलिंक’, कमाल वेगाला ‘एमपीएस’, अशी बोली घडली आहे. महाराष्ट्रात भोर घाट हे आवडते ठिकाण. तिथे १:३७ चा चढ आहे, कर्जतला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे चढावर मागून ढकलणारी, इंजिने लागतात. या घाटांत मालगाड्या ओढणाऱ्या जुन्या डब्ल्यूसीजी-१ इंजिनांना कर्मचारी ‘खेकडा’ म्हणत.

रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत बेकायदा प्रवेश केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात अशा प्रवेशामुळे देशात वर्षाला सुमारे १५,००० आणि त्यांपैकी एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर सुमारे ६,००० मृत्यू होत असल्याचे म्हटले होते. यांतील बहुसंख्य माणसे रूळ ओलांडून घरी किंवा कामावर निघालेली असतात. छंदिष्टांची वेगळी मोजदाद केली जात नाही. ब्रिटनमध्ये लोहमार्गांची व्यवस्था पाहणाऱ्या नेटवर्क रेल या संस्थेने छंदिष्टांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या आहेत : आल्याची वर्दी स्थानकावर द्यावी, पिवळ्या रेषेच्या मागे राहावे, फ्लॅश वापरू नये. फ्लॅशने चालकाचे डोळे दिपतात, म्हणून ही शेवटची अट.