पर्यावरण पत्रकारितेचे संशोधन (मराठवाडा)

पर्यावरणाच्या बातम्या कोण देतो, कशा देतो आणि कोणत्या गाळतो, याचा अभ्यास करणारी माध्यमशास्त्राची शाखा. १९७२ मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी लोकांचे लक्ष अशा प्रश्नांकडे कसे वळते आणि तोडग्याची किंमत कळताच कसे ओसरते, याची पाच टप्प्यांत मांडणी केली. २००४ मध्ये मॅक्सवेल व ज्यूल्स बॉयकॉफ यांनी चार बड्या अमेरिकी दैनिकांतील १९८८ ते २००२ दरम्यानच्या हवामानबदलाच्या बातम्या तपासल्या. ‘दोन्ही बाजू’ छापण्याच्या रिवाजामुळे मूठभर शंकेखोरांना शास्त्रज्ञांच्या बरोबरीची जागा मिळत गेली, असे त्यांना आढळले. भारतात विज्ञान आणि पर्यावरण केंद्र या संस्थेचा देशाच्या पर्यावरणस्थितीवरचा १९८२ चा नागरिक अहवाल व १९८४ ची भोपाळ दुर्घटना यांनी या विषयाला वजन आणले. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी भोपाळच्या कारखान्यातील धोक्याबद्दल दोन वर्षे आधीच लिहिले होते. ते कोणी मनावर का घेतले नाही, हा प्रश्न या शाखेच्या अगदी गाभ्याचा आहे.

मराठवाड्यात आयते निकष लावले की फसगत होते. जुने अंक काढून ‘पर्यावरण’ शब्दाच्या बातम्या मोजल्या, तर हाती वृक्षारोपणाचे फोटोच जास्त लागतात. खरा मजकूर जिल्हा पानावर असतो: टँकरच्या खेपा, विहीर अधिग्रहण, जायकवाडी धरणाचा मृतसाठा (तळाशी उरणारे, एरवी न वापरता येणारे पाणी), कालव्याचे आवर्तन. तो लिहिणारा स्वतःला पर्यावरण पत्रकार म्हणवतही नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले तेव्हा देशभरचे कॅमेरे स्थानकावर होते; मांजरा खोऱ्यातला ऊस आणि खोल जाणाऱ्या बोअरवेल यांना तेवढा मान मिळाला नाही. डाउन्सची मांडणी इथे चपखल बसते.

चौकटीकरणाच्या, म्हणजे एकच घटना कोणत्या शब्दांत व बाजूने मांडली जाते याच्या, अभ्यासाला जायकवाडीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल. राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार वरच्या धरणांतून पाणी सोडले की, खाली मराठवाड्यात ते ‘हक्काचे पाणी’ ठरते आणि नाशिक-नगरकडे ‘पळवलेले’.

आशय विश्लेषणाच्या, म्हणजे छापलेला मजकूर मोजून वर्गवारी करण्याच्या, तक्त्यात मात्र न छापलेली बातमी येत नाही. तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा पेपरचा एजंटही असतो, जाहिरातीही त्यालाच आणाव्या लागतात. जाहिरातदारांत साखर कारखाना असेल, तर मळीच्या पाण्याने नासलेल्या ओढ्याची बातमी त्याने पाठवली का, हे अंक चाळून नव्हे, त्याच्याशी बोलूनच कळते.