कटिंग मार्क काढणे (छपाईपूर्व काम)

डिझाइनच्या फाइलमध्ये चारही कोपऱ्यांबाहेर असलेल्या कापणीच्या बारीक रेघा, छपाईची प्लेट बनवण्याआधी किंवा डिजिटल प्रिंट देण्याआधी काढून टाकण्याच्या कामाला कटिंग मार्क काढणे म्हणतात. या रेघांना क्रॉप मार्क किंवा ट्रिम मार्क अशीही नावे आहेत. कागद नेमका कुठे कापायचा हे कटिंग मशीनवरच्या कारागिराला त्यांवरून कळते. मग त्या काढायच्या कशाला? कारण खूण कागदाच्या शीटसाठी असते, डिझाइनसाठी नव्हे. शीटवर किती नग बसवायचे, ग्रिपरसाठी (मशीन कागद जिथे धरते त्या कडेसाठी) किती जागा सोडायची, हे छापखान्यात ठरते आणि मांडणी झाली की तिथलेच सॉफ्टवेअर नव्या खुणा घालते. डिझाइनरच्या जुन्या खुणा तशाच राहिल्या तर एकाच कडेला दोन खुणा दिसतात. कापणाऱ्याने चुकीची धरली की सगळा गठ्ठा वाया जातो.

कोल्हापुरात हे काम रोजच्या जॉबमध्ये येते: गुळाच्या बॉक्सवरची लेबले, मसाल्याची पाकिटे, चपलांचे खोके, जोतिबाच्या चैत्र यात्रेची पत्रके, व्हिजिटिंग कार्डे. व्हिजिटिंग कार्डाचे गणित पाहण्यासारखे आहे. 90 × 54 मिमीचे कार्ड चारही बाजूंनी 3 मिमी ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर वाढवलेले डिझाइन) धरून 96 × 60 मिमी होते. 12 × 18 इंची शीटवर अशी 21 कार्डे बसतात. त्याच फाइलला कार्डाच्या कडेपासून प्रत्येक बाजूने ब्लीडसह 10 मिमीची खुणांची पट्टी राहिली आणि ऑपरेटरने अख्खे पान उचलून मांडले, तर 110 × 74 मिमीचे नग शीटवर जेमतेम 16 बसतात. लहान कामात एवढ्यानेच नफा जातो.

दुसरा घोटाळा ‘फिट टू पेज’चा, म्हणजे पान कागदात मावेल इतके आपोआप लहान करून छापण्याचा. खुणांसह 230 × 317 मिमी झालेले ए4 पत्रक ए4 कागदावर ‘फिट’ करून छापले की सुमारे 91 टक्क्यांवर येते. 210 मिमी रुंदीचे डिझाइन 192 मिमीचे होते, भोवती पांढरी चौकट उरते आणि तीत खुणाही स्वच्छ छापल्या जातात.

लग्नपत्रिकेची गोष्ट वेगळी आहे. तयार कार्डावर फक्त मजकूर छापायचा असतो. कार्ड आधीच कापलेले असते. डिझाइनरने मजकुराच्या चौकटीलाच मार्क दिले असतील तर ते कार्डाच्या आत पडतात आणि कापून जाण्याची सोयच नसते. ‘श्री अंबाबाई प्रसन्न’ या ओळीच्या बाजूला काळी रेघ आलेली पत्रिका कोणी आहेराच्या ताटात ठेवणार नाही. म्हणून तयार कार्डाच्या जॉबमध्ये ही तपासणी पहिली करावी.

खुणा काढताना सर्वांत जास्त चूक होते ती ब्लीडबाबत. खुणा आणि ब्लीड दोन्ही पानाच्या बाहेर असल्याने ‘बाहेरचे सगळे उडवा’ असे करून ब्लीडही उडवले जाते. मग कापताना अर्धा मिलिमीटर सरकले तरी कडेला पांढरी रेघ दिसते. रेघा घालवाव्यात, ब्लीड ठेवावे. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पानाच्या कडेपासून मार्कचे अंतर मुळात 6 पॉइंट, म्हणजे सुमारे 2.1 मिमी असते. ब्लीड 3 मिमी ठेवले की रेघांची टोके ब्लीडमध्येच शिरतात. अशा फाइलमधून मार्क स्वच्छ निघत नाहीत. डिझाइनरकडून मार्क न घालता, पण ब्लीड ठेवून, पीडीएफ पुन्हा मागवणे हाच सरळ मार्ग.

पीडीएफच्या पानाला पाच चौकटी असू शकतात: मीडिया, क्रॉप, ब्लीड, ट्रिम आणि आर्ट बॉक्स. अ‍ॅक्रोबॅटमध्ये पान क्रॉप केले की क्रॉप बॉक्स, म्हणजे दिसणाऱ्या भागाची चौकट, बदलतो. रेघा नजरेआड होतात, फाइलमध्ये मात्र राहतात. तीच फाइल कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केली की त्या पुन्हा दिसू शकतात. ‘काढले’ आणि ‘झाकले’ यांतला हा फरक नवख्या ऑपरेटरला पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवा. ट्रिम बॉक्स (कापल्यानंतरच्या मापाची चौकट) नीट भरलेला असेल तर मांडणीचे सॉफ्टवेअर त्यावरून नग उचलते आणि रेघा खोडाव्याही लागत नाहीत.

आपल्याकडची बरीच फाइल कोरलमध्ये येते, तीही मराठी फाँट फुटू नये म्हणून कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या रेखाकृती करून. तिथे अक्षरेही वक्ररेषा, मार्कही वक्ररेषाच. सॉफ्टवेअरने घातलेले मार्क बहुतेक ‘रजिस्ट्रेशन’ रंगात असतात. हा रंग चारही प्लेटवर 100 टक्के उतरतो, त्यामुळे त्या रंगावरून शोधून सगळे मार्क एकदम निवडता येतात. हाताने काळ्या रंगात आखलेले मार्क असे सापडत नाहीत. रंगावरून निवडले तर तक्त्याच्या रेघाही सोबत जातात. असे मार्क कोपऱ्या-कोपऱ्यावर जाऊनच खोडावे लागतात.

चपलांच्या खोक्यासारख्या पंचिंगच्या (डाय नावाच्या साच्याने आकार कापण्याच्या) जॉबमध्ये डायलाइन, म्हणजे त्या आकाराची रेघ, आणि घडीच्या रेघा कटिंग मार्क समजून खोडू नयेत. त्यांवरूनच डाय बनते. त्या वेगळ्या लेयरवर, वेगळ्या स्पॉट रंगात (नेहमीच्या चार रंगांव्यतिरिक्त नाव दिलेल्या रंगात) ठेवतात आणि छपाईच्या प्लेटमधून वगळतात. तसेच, जॉब एकाच नगाचा असेल, मांडणी होणार नसेल आणि कागद मोठा घेऊन नंतर कापायचा असेल, तर डिझाइनरचे मार्क राहू द्यावेत. तिथे तेच कामाचे असतात.

बदललेली फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करावी. ग्राहकाने मंजूर केलेला प्रूफ आणि मूळ फाइल जॉबच्या पाकिटात असू द्यावी, म्हणजे कापल्यानंतरचे माप पट्टीने पडताळून पाहता येते.